राहा म्हणायचं जेवण

लेलंड ब्रुग्मन कोचांच्या आयुष्यात मोठ्या विद्यापीठाचा फोन एकदाच आला, आणि तो त्यांच्यासाठी नव्हता.

हे त्यांना फोन ठेवताना कळलं. घेताना मात्र ते खुर्चीतून उठून उभे राहिले, सदरा पॅन्टमध्ये खोचला आणि हातानेच खूण करून बायकोला मिक्सर बंद करायला लावला. मार्डेल पिठाचे हात तसेच हवेत धरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. केटल बेंडसारखं गाव, एवढंसं कॉलेज, आणि तिथे मुलींच्या बास्केटबॉल संघाला तुम्ही विभागाचं अजिंक्यपद मिळवून दिलंत, आमच्याकडे सगळे तुमचंच नाव काढतात, वगैरे. कोच "छे छे, सगळं श्रेय पोरींचं" असं म्हणत होते आणि मनातल्या मनात घर विकायला काढत होते. विकण्याआधी गॅरेजचं दार दुरुस्त करावं लागेल, इथपर्यंत ते पोचले तेवढ्यात त्या माणसाने विचारलं, "बरं, इमानीचा डावा हात कसा आहे?"

इमानी टॉलिव्हर ही संघातली सगळ्यांत उंच मुलगी. आली तेव्हा तिचा डावा हात नुसता शोभेला होता. कोचांनी दोन वर्षं रोज सकाळी तिचा उजवा हात पाठीशी धरायला लावून डावा घडवला होता. आता त्या हाताची चौकशी होत होती, कारण इमानीने आपलं नाव पोर्टलवर टाकलं होतं. ज्या खेळाडूला कॉलेज बदलायचं असेल तिने त्यावर नाव टाकायचं, की देशभरातल्या मोठमोठ्या संघांना ते दिसतं आणि फोन सुरू होतात. ज्याच्या हाताखालून ती जाणार, त्याला बहुतेक सगळ्यांत शेवटी कळतं.

कोचांना खोटं बोलता आलं असतं. पण हाताबद्दल खोटं बोलणं त्यांच्याच्याने झालं नाही. "उजव्याहून चांगला आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवून खाली बसले.

"पगार किती म्हणाले?" मार्डेलने विचारलं.

"कुणाचा?" कोच म्हणाले.

 दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर तीस वर्षं काढल्यामुळे माणसाला कुठे दुखतंय आणि तिथे कधी हात लावू नये, हे मार्डेलला कळत होतं. तिने मिक्सर परत सुरू केला.

इमानीच्या मागोमाग आणखी दोघींनी पोर्टलवर नावं टाकली. गावाला हे कोचांच्या आधी कळलं, हे वेगळं सांगायला नको. सकाळी धान्याच्या कोठारासमोरच्या हॉटेलात कोच कॉफी प्यायला गेले की सगळं टेबल आधी गप्प व्हायचं आणि मग एकदम सल्ले द्यायला लागायचं. एकाचं म्हणणं, पोरींना हायवेलगतच्या विक्रेत्याकडून मोटारी मिळवून द्याव्यात. दुसऱ्याच्या मते हल्लीच्या मुलांना निष्ठाच राहिलेली नाही. हे सांगणाऱ्याच्या डोक्यावर मागच्या वर्षीपर्यंत दुसऱ्याच ट्रॅक्टर कंपनीची टोपी होती. पण कोचांच्या जिव्हारी लागलं ते शेजारच्या ड्वेन हॅकेचं बोलणं. ड्वेन स्वभावाने अतिशय प्रेमळ होता, आणि प्रेमळ माणसांचे सल्ले ऐकून घ्यावेच लागतात.

"लेलंड," तो म्हणाला, "तू जरा कमी चांगलं शिकव."

सगळे हसले. कोचही हसले. पण घरी जाताना गाडीत त्यांना पटत गेलं की यात हसण्यासारखं काही नाही. ज्यांना कुठल्याच मोठ्या कॉलेजने विचारलं नाही अशा बुटक्या, हडकुळ्या, घाबरट पोरी गोळा करायच्या आणि त्यांना उभं राहण्यापासून शिकवायचं, हेच तर ते आयुष्यभर करत आले होते. म्हणजे काम जितकं चांगलं होणार, तितकं लवकर ते दुसऱ्याच्या घरी जाणार. असा धंदा सुताराने केला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

राहिली होती मॅरिट. मॅरिट व्हेरस्टीग म्हणजे संघाचं डोकं. कोचांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या बापाच्या गोठ्यामागे, भिंतीवर ठोकलेल्या कड्यात चेंडू टाकताना. खाली नुसती खडी होती आणि खडीवर चेंडू उसळेल तिकडे जातो, त्यामुळे या मुलीचे हात चेंडूच्या आधी तिथे पोचायचे. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. ती मैदानावर मात्र बोलायची, कुणी कुठे उभं राहायचं ते ओरडून सांगायची, आणि बाकीच्या चौघी निमूट ऐकायच्या. तिने अजून पोर्टलवर नाव टाकलं नव्हतं. कोचांचा हिशोब सरळ होता: मॅरिट राहिली तर संघ राहिला.

"जेवायला बोलाव सगळ्यांना," मार्डेल म्हणाली. "उपाशी पोरी काहीही ठरवतात. मी कोंबडी आणि शेवया करते, बटाट्याच्या लगद्यावर घालून. ते खाऊन कुणाला गाव सोडावंसं वाटत नाही. मला तरी आजवर वाटलेलं नाही."

एवढंच होतं मुळात. रविवारी संध्याकाळी घरच्या टेबलावर पोरींना जेवण, आणि जेवणानंतर कोच दोन शब्द बोलणार. ते दोन शब्द त्यांनी गाडीत घोटून घोटून पक्के केले होते. भाषण छोटं होतं, पण मॅरिटकडे बघून बोलायचा एक भाग होता, आणि तो म्हणताना प्रत्येक वेळी त्यांना गाडी कडेला घ्यावी लागायची. त्यामुळे परिणामाबद्दल त्यांना शंका नव्हती.

ड्वेनला हे कुंपणापलीकडून कळलं. जुन्या तेलाच्या टाकीतून त्याने स्वतः जोडून एक भट्टी तयार केली होती, तिच्यात अख्खं डुक्कर भाजता यायचं, आणि अख्खं डुक्कर भाजायला कारण मिळावं म्हणून तो बरेच महिने देवाची प्रार्थना करत होता. डुक्कर त्याच्या मेहुण्याकडचं. कोच नको म्हणाले. ड्वेनचा चेहरा इतका पडला की कोचांना हो म्हणावं लागलं. डुक्कर आलं म्हटल्यावर ते खायला माणसं हवीत, म्हणून गल्लीतली दोन-चार घरं आली. ती घरं रिकाम्या हाताने थोडीच येणार? कुणी मक्याची खीर, कुणी जेलीतली फळं.

इथवर सगळं ठीक होतं. मग कॉलेजातून प्रेस्टनने बोलावणं पाठवलं.

प्रेस्टन हा खेळ विभागात नियम सांभाळायला नेमलेला तरुण. अतिशय सभ्य. त्याच्या टेबलावर एवढासा निवडुंग होता, आणि कुणाला नाही म्हणायचं असलं की तो निवडुंगाकडे बघून म्हणायचा. कोचांनी घरी पोरींना जेवू घातलं तर चालेल, असं त्याने निवडुंगाला सांगितलं. पण डुक्कर कोचांचं नाही. डुक्कर हॅके यांच्या मेहुण्यांचं आहे. बाहेरच्या माणसाने खेळाडूंना दिलेलं डुक्कर म्हणजे वाजवीपेक्षा जास्त लाभ.

"एखादीने एकच तुकडा खाल्ला तर?" कोचांनी विचारलं.

प्रेस्टनने पुष्कळ विचार केला. तुकड्यांबद्दल नियमात काही नव्हतं. शेवटी त्यानेच वाट काढली. जेवण सगळ्या गावाला खुलं ठेवा. मग पोरी खेळाडू म्हणून येणार नाहीत, गावकरी म्हणून येतील, आणि गावकऱ्याने डुक्कर खाण्यावर बंधन नाही. कोचांनी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. आपण काय केलं हे त्यांना नगरपालिकेत गेल्यावर समजलं.

जेवण सगळ्या गावाला खुलं म्हणजे सार्वजनिक कार्यक्रम. सार्वजनिक कार्यक्रमाला तंबू, तंबूला परवाना, गल्ली बंद करायला परवाना, आणि अन्न वाटायचं तर जिल्ह्याच्या आरोग्य तपासनिसाने मार्डेलचं स्वयंपाकघर बघून जायला हवं. शेवटचं ऐकून मार्डेल म्हणाली की तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात शिरला तर जिवंत बाहेर पडणार नाही. नगरपालिकेच्या खिडकीतली बाई मार्डेलच्या चुलत बहिणीची नणंद असल्यामुळे हळू आवाजात म्हणाली, "चर्चने जेवण घातलं तर यातलं काहीच लागत नाही. चर्चला सगळं माफ असतं."

म्हणजे आता आर्डिसबाई.

आर्डिसबाई ऐंशीच्या पुढच्या. ल्यूथरन चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. पाद्री बदलत, आर्डिसबाई बदलत नसत. त्यांनी कोचांचं सगळं ऐकून घेतलं आणि होकार दिला. मग सांगितलं की शेवया आमच्या बायका करतील, मार्डेलच्या शेवया जाड असतात. डुक्कर आवारात भाजा, आत आणू नका. रविवार जमणार नाही, शनिवार. कोचांनी मान हलवली. घरी जाऊन शेवयांचं कसं सांगायचं या काळजीत त्यांनी एक गोष्ट विचारलीच नाही, ती म्हणजे दारातल्या फलकावर आर्डिसबाई काय लावणार.

गुरुवारी सकाळी कोच सरावाला निघाले होते. चर्चसमोर त्यांनी गाडी इतकी अचानक थांबवली की मागून येणारा खताचा ट्रक भोंगा वाजवत बाजूला वळला. फलकावर मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: आपल्या मुलींना निरोप. शनिवारी जेवण. सर्वांनी यावे.

कोच तसेच तळघरात उतरले. हे निरोपाचं जेवण नाही, ते म्हणाले. हे राहा म्हणायचं जेवण आहे.

आर्डिसबाई बटाटे सोलत होत्या. "लेलंड," त्या म्हणाल्या, "मी या तळघरात बाळांच्या बारशाचं जेवण घातलंय, लग्नाचं घातलंय, मातीनंतरचं घातलंय. राहा म्हणायचं जेवण कधी कुणी मागितलं नाही. ते कसं वाढतात?"

कोचांनी फलक तरी बदला म्हटलं. पण 'राहा' लावायला अक्षरं पुरत नव्हती, असं त्यांना सांगण्यात आलं.

त्या दिवशी सरावाला मॅरिट आली नाही. डोकं दुखतंय असा निरोप आला. शुक्रवारीही दुखत होतं. आणि शुक्रवारी दुपारी पोर्टलवर तिचं नाव दिसलं.

शनिवारी एप्रिलचा वारा सुटला होता. ड्वेनने पहाटेच भट्टी पेटवली, आणि दुपारपर्यंत चर्चचं सगळं आवार धुराने भरलं. पण लोक आले. सगळं गाव आलं. लांबच लांब रांगेत लोक ताटल्या घेऊन तळघराच्या पायऱ्यांवर उभे होते, आणि कोच, ज्यांच्या घरच्या टेबलापासून हे सगळं सुरू झालं, ते कमरेला फुलाफुलांचा एप्रन बांधून कॉफी ओतत होते. आर्डिसबाईंनी त्यांना दुसरं काम शिल्लक ठेवलं नव्हतं. लोक कप पुढे करत आणि म्हणत, फार छान केलंत हो, मोठ्या मनाने निरोप देताय. कोच म्हणत, दूध हवं का.

इमानी आली, सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसत आली, आणि तिने कॉफीच्या भांड्यासकट कोचांना मिठी मारली. रागावलात का, असं तिने विचारलं. कोच रागावलेले होते. पण ती वाकून, डोळ्यांत बघून विचारत होती, आणि तिचा डावा हात त्यांच्या खांद्यावर होता, तेव्हा ते नाही म्हणाले, आणि म्हणता म्हणता ते खरंच झालं.

तेवढ्यात रांगेतल्या बारा-तेरा पुरुषांच्या कमरेचे पेजर एकदम किंचाळले. केटल बेंडचं अग्निशमन दल पगारी नाही. गावातलेच लोक हाक आली की धावतात. सगळ्यांनी एकाच वेळी ताटल्या खाली ठेवल्या, पायऱ्या चढून बाहेर पळाले, गाड्यांपर्यंत पोचले, आणि मग त्यातल्या एकाने पत्ता नीट वाचला. आग याच आवारात लागली होती. हायवेवरून जाणाऱ्या कुणीतरी धूर पाहून फोन केला होता. बारा-तेरा जण ड्वेनच्या भट्टीभोवती जमले. ड्वेनने भीत भीत झाकण उघडलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या, इतका सुंदर रंग आला होता. मग ते परत खाली आले, तर रांगेतल्या त्यांच्या जागा गेलेल्या होत्या, आणि आर्डिसबाईंनी आगीसारख्या क्षुल्लक कारणासाठी कुणाला पुढे घुसू दिलं नाही.

या गोंधळात कॉफी संपली. कोच रिकामं भांडं घेऊन आतल्या स्वयंपाकघरात गेले. तिथे मोरीपाशी मॅरिट उभी होती, कोपरापर्यंत साबणात हात घालून, धुतलेलीच भांडी पुन्हा धूत. ती मागच्या दाराने आली होती. वर रांगेत तिला कुणी पाहिलं नव्हतं.

कोचांनी भांडं नळाखाली लावलं. पाणी भरायला वेळ लागत होता. 

"फलक वाचला मी," मॅरिट म्हणाली.

"तो आर्डिसबाईंनी लावला."

"मला वाटलं तुम्ही." तिने नाक खांद्याला पुसलं. "त्या इमानीवाल्या मोठ्या विद्यापीठाचा फोन आला होता, ओळखीच्या एका कोचमार्फत; पोर्टलवर नाव नसलं की थेट करता येत नाही. मी नाही म्हणणार होते. नाहीच म्हणायचं ठरवलं होतं. मग गुरुवारी दूध पोचवायला चाललो होतो आम्ही, तर चर्चसमोर ते लिहिलेलं. बाबा म्हणाले, बघ, कोच मोठ्या मनाचे आहेत, सांगायच्या आधीच तुला मोकळी केली."

कोचांनी नळ बंद केला. भांडं अर्धंच भरलं होतं. इतके दिवस घोटलेलं भाषण त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं, आणि ते म्हणायला यापेक्षा चांगली जागा आणि वेळ मिळणं शक्य नव्हतं.

"कोच," ती म्हणाली, "तुम्ही राहा म्हणालात तर मी राहीन. नाव काढता येतं परत."

तिने हे अगदी सहज सांगितलं, चेंडू पुढे करावा तसं. कोचांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना दिसलं की ती खरंच राहील. तिला नको असताना राहील, त्यांच्या तोंडाकडे बघून राहील, आणि कधी बोलून दाखवणार नाही. तिचा स्वभावच तो. मैदानावरही ती आपली बास्केटची संधी सोडून दुसरीला पास द्यायची, आणि यासाठी कोच तिच्यावर तीन वर्षं ओरडत आले होते.

"तुला जायचंय का?"

तिने एक धुतलेली ताटली पुन्हा साबणात बुडवली. मग म्हणाली, "त्यांचं मैदान बघितलंय मी. टीव्हीवर. मला नुसतं एकदा तिथे उभं राहून बघायचंय, जमतं का."

"जमेल," कोच म्हणाले. मग ते सरावाला बोलतात तसं बोलायला लागले. "पहिले काही महिने बाकावर बसवतील. तोंड पाडायचं नाही. बाकावर बसून कोण कुठे चुकतंय ते बघायचं, तुला ते दिसतं. तिथल्या पोरी तुझ्याहून वीतभर उंच असतील. तू त्यांच्या कमरेखालून जायचं. आणि बोलायचं, मॅरिट. पहिल्या दिवसापासून ओरडून सांगायचं कुणी कुठे उभं राहायचं ते. नवी आहेस म्हणून गप्प बसलीस तर तुझा उपयोग नाही."

"आणि पुढच्या वर्षी इथे?"

"इथे काय. हरू."

"खूप?"

"बरेच."

मॅरिट हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. "मी बघायला येईन."

"हरतो ते काय बघायचं?"

"म्हणूनच येईन," ती म्हणाली.

मग कोचांना जेवणाच्या खोलीतून बोलावणं आलं. दोन शब्द बोला म्हणाले. ते एप्रन काढायचं विसरले, तसेच जाऊन उभे राहिले. पाठ केलेलं भाषण आता उपयोगाचं नव्हतं, आणि दुसरं त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी एकेका मुलीला पुढे बोलावलं आणि ती कुठे चालली आहे ते सांगितलं. एका विद्यापीठाचं नाव चुकलं, तर इमानीने मागून दुरुस्त केलं. मॅरिटचं नाव घेताना त्यांना थांबावं लागलं.  मार्डेल पहिल्या रांगेतून उठली आणि त्यांना पाण्याचा पेला दिला. आपल्या जाड शेवयांवरून तीन दिवस ती कोचांशी नीट बोलत नव्हती. पेला देताना तिने त्यांच्या एप्रनची गाठ मागून सरळ केली, म्हणजे ते मिटलं असावं.

पुढच्या हंगामात केटल बेंड हरलं. कोचांनी सांगितलं होतं तसंच हरलं. संघात नव्या पोरी होत्या, कुणी न विचारलेल्या, आणि त्यांना उभं राहण्यापासून शिकवणं चाललं होतं. नाताळच्या सुट्टीतला घरचा सामना होता. मध्यांतरापर्यंतच एवढी पिछाडी झाली होती की गुणफलक लावणारा माणूस कोचांची नजर चुकवत होता. नवी बुटकी पोरगी चेंडू हातात घेऊन मधोमध उभी होती आणि कुणाकडे द्यावा हे तिला कळत नव्हतं. कोच तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून, वरच्या पायऱ्यांवरून एक आवाज आला. मोठा, खणखणीत, कुणी कुठे उभं राहायचं ते सांगणारा.

नव्या पोरीने दचकून वर पाहिलं, मग कोचांकडे.

कोच मागे वळले नाहीत. वळले असते तर सगळ्या गावाने त्यांचा चेहरा पाहिला असता, आणि उद्या सकाळी हॉटेलात त्यावर सल्ले मिळाले असते. त्यांनी फक्त मान हलवली.

"ती सांगतेय तसं कर," ते म्हणाले. "तिला दिसतं."